लाल गरुड गोरा की आपला?

डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन मालवणला झाला, सिंधुदुर्ग किल्ला समोर आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावर ही गर्दी, आणि तिथे पंतप्रधानांनी जाहीर केलं की नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या एपोलेट्सवर आता शिवछत्रपतींच्या वारशाची छाप दिसणार. झालं, आमच्या फॅमिली ग्रुपवर फुलबाजे उडायला लागले. एका भावाने लिहिलं, आता आर्मीतले पण इंग्रजांचे सगळे बिल्ले काढा, तो लाल गरुड, ती कट्यार, ते बाण, सगळी गुलामीची निशाणी. दुसऱ्याने लगेच तलवारींची इमोजी टाकली. आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे चुलते, जे ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलाशिवाय काहीही टाकत नाहीत, त्यांनी एक ओळ टाकली: "गरुडाला हात लावायचा नाही."

अण्णा फौजेत ड्रायव्हर होते, काही वर्षं अलाहाबादला, लाल गरुडवाल्या चौथ्या डिव्हिजनमध्ये. त्यानंतर ग्रुप दोन दिवस गप्प होता. मी मात्र तेव्हापासून या विषयावर विचार करतोय आणि माझं मत असं झालंय की चिन्ह गोऱ्याने काढलं की आपल्या माणसाने, हा प्रश्नच आपण चुकीच्या जागी उभं राहून विचारतोय.

आधी ज्यांना फौजेतलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोपीवर जो बिल्ला असतो तो रेजिमेंटचा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट, शीख, डोगरा वगैरे. ते आडनाव आहे असं समजा. आणि खांद्याच्या खाली बाहीवर जो कापडी चौकोन शिवलेला असतो तो फॉर्मेशन साईन, म्हणजे तुमची पलटण सध्या कुठल्या ब्रिगेड-डिव्हिजन-कोअरच्या (एकापेक्षा एक मोठे लष्करी गट) हाताखाली आहे त्याची खूण, म्हणजे पत्ता. पलटण दोन-तीन वर्षांनी हलली की पत्ता बदलतो, जुने चौकोन उसवायचे आणि नवे शिवायचे. आडनाव तेच राहतं. लोक या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ करतात की वाद सुरू होण्याआधीच भरकटतो.

ही पद्धत आली पहिल्या महायुद्धात. गाड्या, तोफा, खच्चून माणसं, आणि कोण कुणाचं ते कळेना, पण डिव्हिजनचं नाव सरळ लिहिलं तर शत्रूलाही वाचता येणार, म्हणून शब्द टाळून चित्रं. ब्रिटिशांचं बघून अमेरिकनांनीही सुरू केलं, त्यांची ८१वी डिव्हिजन १९१८ मध्ये फ्रान्सला गेली ती बाहीवर रानमांजर लावून, बाकीच्यांनी तक्रार केली की हे काय नवीन, तर त्यांच्या सेनापतीने, जनरल पर्शिंगने, ते मंजूरच केलं आणि बाकीच्यांनाही सांगितलं की तुम्ही पण आपापली खूण करा. म्हणजे मुळात ही गोष्ट शोभेची नाहीच. धुळीत, धुरात, पन्नास पावलांवरून आपला माणूस ओळखू यावा एवढंच तिचं काम.

आता लाल गरुड. चौथी भारतीय डिव्हिजन दुसऱ्या महायुद्धात हे चिन्ह घेऊन लढली. डिसेंबर १९४० मध्ये सिदी बर्रानी, १९४१ मध्ये एरिट्रियातलं केरेन, मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन सेनापती फॉन आर्निम शरण आला तो याच डिव्हिजनच्या जनरलपुढे, मग १९४४ मध्ये इटलीत कॅसिनो. इथपर्यंतचं श्रेय इंग्रजांच्या खात्यात टाकणारे टाकतात, ठीक आहे, राज्य त्यांचं होतं, जनरल त्यांचे होते. पण गरुडाची गोष्ट १९४७ ला संपली नाही ना! ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीकाठी याच डिव्हिजनची सातवी ब्रिगेड चिन्यांनी चिरडली, ब्रिगेडियर दळवी कैद झाले, आणि पुढच्याच महिन्यात से ला–बोमडिलाला राहिलेली डिव्हिजन कोसळली. ज्या गरुडाने जर्मन सेनापती रोमेलच्या आफ्रिकेत नाव काढलं होतं त्याची पार लाज गेली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे चिन्ह इंग्रजांचं होतं म्हणून हरलो, फेकून द्या. आणि तीनच वर्षांनी सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला तीच चौथी डिव्हिजन, तोच गरुड, ऊसाच्या शेतात पाणी सोडून पाकिस्तानी आर्मर्ड डिव्हिजनला अशी अडवून मारली की पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले, त्यात बहुतेक पॅटन, आणि पकडलेले रणगाडे भिखीविंडला ओळीने उभे केले तर लोकांनी त्या जागेला पॅटन नगर म्हणायला सुरुवात केली. परमवीर चक्रवाले अब्दुल हमीद याच लढाईतले.

आता मला सांगा, तो गरुड कुणाचा? ज्या इंग्रजाने कागदावर काढला त्याचा, की ज्यांनी तो बाहीवर लावून आधी नाक कापून घेतलं आणि मग परत मिळवलं त्यांचा? कोरं भांडं कुणीही घडवलेलं असेना का, त्यात काय शिजलं ते बघायचं.

अण्णांचा गरुडाचा किस्सा वेगळाच आहे. गाडीच्या बंपरवरही फॉर्मेशन साईन रंगवायची असते, त्याला स्टेन्सिल असतं, एकदा स्टेन्सिल सापडेना आणि दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन, म्हणून अण्णांनी हाताने रंगवला. उस्तादने दुरून बघितलं आणि म्हणाला, "ये बाज है या मुर्गी?" रात्रभर पुसून परत रंगवला. पण मुद्दा बघा, कोंबडीसारखा झाला तरी तो चौथ्या डिव्हिजनचाच आहे हे उस्तादला कळलं, इन्स्पेक्शन करणाऱ्यालाही कळलं असतं. चांगल्या चिन्हाची परीक्षा हीच. एका अडाणी हाताने डबाभर रंगात काढलं तरी ओळखू आलं पाहिजे.

त्या काळातली बरीच चिन्हं या परीक्षेत पास होतात. पाचव्या डिव्हिजनचा काळ्यावर लाल गोळा, बस, त्याला साहेब लोक बॉल ऑफ फायर म्हणायचे, सैनिकांनी त्याला जे नाव ठेवलं होतं ते इथे लिहिता येणार नाही पण ज्याला सर्कल दिसतं त्याला अंदाज येईल. १९व्या डिव्हिजनची कट्यार धरलेली मूठ, आजही बारामुल्ल्याची डॅगर डिव्हिजन. २३व्या डिव्हिजनचा लाल कोंबडा. जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीच्या ढालीवर तलवार उलटी आहे, टोक खाली. तलवारीचं टोक वर असावं असा संकेत, पण ब्रह्मदेश परत घ्यायचा होता तो उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत, म्हणून टोक खाली, असं सांगतात. एका रेषेत अख्खा लढाईचा प्लॅन! याला म्हणतात डिझाइन.

आता कुणी म्हणेल, हे सगळं प्राणी-पक्षी ठीक, पण काही चिन्हं तर सरळसरळ परकी आहेत. बरोबर. आठव्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह क्लोव्हरची पानं होती, पिवळी. क्लोव्हर म्हणजे युरोपात नशीबवान समजलं जाणारं गवत, आपल्याकडे त्याला कोण विचारतं. पण ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी पार करणारे आणि मग एकट्याने मशीनगनच्या चौक्यांवर तुटून पडणारे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव, आपले नगर जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे, याच डिव्हिजनचे. ते पान परकं खरं. पण नामदेव जाधवांच्या डिव्हिजनचं चिन्ह परकं म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

आणि हो, हे चिन्हवालं प्रकरण फक्त आपल्याकडे आहे असं नाही. अमेरिकेची ४५वी डिव्हिजन, ओक्लाहोमा, कोलोरॅडो, ॲरिझोना, न्यू मेक्सिको या चार राज्यांची, तिच्या बाहीवर काय होतं माहितीय? स्वस्तिक. लाल चौकोनात पिवळं स्वस्तिक. तिथल्या मूळनिवासी जमातींचं शुभचिन्ह म्हणून घेतलेलं, आपण उंबऱ्यावर काढतो तसंच भाव असलेलं. मग जर्मनीत हिटलरने त्या चिन्हाची वाट लावली, आणि १९३९ मध्ये या डिव्हिजनने स्वतःचं स्वस्तिक काढून टाकलं आणि कायोवा जमातीच्या कलाकाराने काढलेला थंडरबर्ड, म्हणजे त्यांच्या कथांमधला मेघगर्जना करणारा पक्षी, लावला. लाल चौकोनाच्या चार बाजू चार राज्यांच्या म्हणून तशाच ठेवल्या. आणि नियती बघा, २९ एप्रिल १९४५ ला डाखाऊची छळछावणी ज्यांनी मुक्त केली त्यात ही डिव्हिजन होती. सहा वर्षांपूर्वीपर्यंत बाहीवर स्वस्तिक असलेली डिव्हिजन.

हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण चिन्ह कधीच बदलू नये असं मी म्हणतच नाहीये. बाहेरच्या जगात त्याचा अर्थ इतका नासला की आपल्याच माणसाला ते घालून लाज वाटेल किंवा समोरचा आपल्याला शत्रू समजेल, तर बदला. पण बदलताना त्यांनी मातीतलंच काहीतरी घेतलं, ज्यांचं शुभचिन्ह काढलं त्यांच्याच माणसाकडून नवं काढून घेतलं, आणि जुन्याची चौकट ठेवली. घाईत काहीतरी भव्यदिव्य चिकटवलं नाही.

याच मापाने नौदलाचा बदल मला पटतो. नौदलाच्या जुन्या झेंड्यावरचा लाल क्रॉस म्हणजे सेंट जॉर्जचा क्रॉस, इंग्लंडचा संत, इंग्लंडचा झेंडा. आपल्या नाविकांनी त्या क्रॉसमध्ये स्वतःचं काय भरलं होतं? फारसं काही नाही, आपली लढाई त्या झेंड्याखाली झाली हे खरं, पण क्रॉस तर रॉयल नेव्हीचाच राहिला, जगभरच्या बंदरांत तो बघून कुणालाही तेच आठवायचं. अ‍ॅडमिरलच्या खांद्यावरची नेल्सनची कडी तशीच. नेल्सन हा इंग्रजांचा नौसेनापती, मोठा माणूस असेल, आपला काय संबंध. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला विमानवाहू नौका विक्रांत दाखल झाली त्या दिवशी क्रॉस गेला आणि निळ्या अष्टकोनात नौदलाचं चिन्ह आलं, महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, आठ दिशा. मग डिसेंबर २०२३ च्या शेवटी अ‍ॅडमिरलच्या खांद्यावरही तोच अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण. तुम्ही मराठी असाल तर अंगावर काटा येतोच, मी नाकारत नाही. प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णु म्हणणारी मुद्रा समुद्रावर फडकते, आणखी काय हवं.

पण इथे एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नाही. हाच क्रॉस एकदा आधीही काढला होता, २००१ मध्ये, आणि २००४ मध्ये परत आणावा लागला! का? तर नव्या झेंड्यावरचं निळं चिन्ह लांबून समुद्रात आणि आकाशात विरघळून जायचं, दिसायचंच नाही. भावना शंभर टक्के, पण कापड समुद्रावर फडकवून कुणी लांबून बघितलं नसावं. तिथून पुढे अठरा वर्षं आपण इंग्लंडचा क्रॉस फडकवत राहिलो, मध्यभागी अशोकस्तंभ ठेवून, २०१४ मध्ये खाली सत्यमेव जयते लावून. म्हणजे एका रंगाची चूक अठरा वर्षांना पडली. अण्णांच्या उस्तादाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की दुरून बघा आधी.

आणि मला खरी भीती याचीच वाटते. परकं जाऊन आपलं यायला माझी काहीच हरकत नाही, पण आपलं येतं ते समितीतून येतं. एकाला कमळ हवं, दुसऱ्याला चक्र, तिसऱ्याला सिंह, चौथा म्हणतो संस्कृत ब्रीद पाहिजेच, पाचव्याला तिरंग्याचे तीन रंग कुठेतरी, आणि हे सगळं दोन-अडीच इंचांच्या कापडावर भरतकाम करून. सोबत एक पानभर खुलासा, अमुक म्हणजे शौर्य, तमुक म्हणजे त्याग, पिवळा म्हणजे तेज. ज्या चिन्हाला खुलाशाचं पान लागतं ते चिन्ह नव्हे, ती लग्नपत्रिका झाली. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर गणपती, कुलदैवत, सगळे काका-मामा आणि लाडक्या भाच्यांचं बोबडं निमंत्रण सगळं असतं, कारण कुणाला वगळलं तर रुसतो. फॉर्मेशन साईनमध्ये रुसवेफुगवे सांभाळायचे नसतात.

आपल्याला साधं करता येत नाही असंही नाही. ऑपरेशन सिंदूरचा लोगो आठवा, मे २०२५ मधला. इंग्रजी अक्षरांमधला एक ओ म्हणजे सिंदुराची वाटी, थोडं कुंकू सांडलेलं, बाकी काळं. सैन्यातल्याच एका अधिकाऱ्याने आणि हवालदाराने केलेला, कुठल्या एजन्सीने नाही. त्या कारवाईबद्दल तुमचं मत काहीही असो, पण एक चित्र म्हणून ते बघितल्या बघितल्या कळलं, पान वाचावं लागलं नाही. हवालदार टेबलावर बसला की असं होतं.

आता सगळ्यात अवघड गोष्टीकडे येतो, आणि इथे माझंच म्हणणं मला अडचणीत आणतं. महार रेजिमेंट. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. तिच्या जुन्या बिल्ल्यावर एकमेकींवर ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि त्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे तो स्तंभ काढला आणि त्या जागी खंजीर आला, तो आजपर्यंत आहे. (हा टोपीचा बिल्ला, बाहीचा नाही, म्हणजे आडनाव, पत्ता नाही, म्हणून तर जास्त महत्त्वाचं.) आता कागदावर बघितलं तर हे आदर्श काम झालं, इंग्रजांनी १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर उभारलेला स्तंभ, इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ, तो स्वतंत्र भारताच्या फौजेच्या बिल्ल्यावर कशाला. पण त्या स्तंभावर ४९ नावं कोरलीयत आणि त्यातली २२ नाक-प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. ज्या समाजाला गावाच्या वेशीच्या आत स्थान नव्हतं त्याची नावं दगडावर. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते इंग्रजांचं कौतुक करायला नव्हे. मग तो स्तंभ गुलामीचा की मुक्तीचा? उत्तर तुम्ही कुठल्या आळीत जन्मलात त्यावर ठरतं, आणि हेच तर सगळं दुखणं आहे. गोरं-देशी अशी एकच काठी घेऊन निघालात तर या बिल्ल्यापाशी ती काठी मोडते.

मी तो स्तंभ परत आणा म्हणत नाही. खंजीर घेऊन महार रेजिमेंट इतकी वर्षं लढलीय, आता खंजीर पण त्यांचाच झालाय, त्यातही रक्त सांडलंय. पण काढताना, त्या रेजिमेंटच्या जवानांना, त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं असेल का, असा विचार मनात येतो. तसाच विचार आत्ताच्या बदलांबद्दलही येतो. कोलकात्याचा फोर्ट विल्यम विजयदुर्ग झाला, तिथल्या सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट झालं, मला आनंदच आहे, कोकणातल्या किल्ल्याचं नाव लष्कराच्या पूर्व कमांडच्या मुख्यालयाला. पण भिंतीचं नाव बदलणं वेगळं आणि माणसाच्या बाहीवरचं उसवणं वेगळं. भिंत काही म्हणत नाही.

आणि बाहीबद्दल माणसं किती हळवी असतात हे आपण धोनीच्या ग्लोव्ह्जवर बघितलंच. जून २०१९, वर्ल्ड कप, यष्टीमागे धोनीच्या ग्लोव्ह्जवर बलिदान बॅज. आयसीसीने नियम दाखवून काढायला लावला, आणि देशभर आयसीसीविरुद्ध आरडाओरडा. पण त्या गोंधळात एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही, की बलिदान हा बिल्ला पॅरा स्पेशल फोर्सेसचाच, तो त्या प्रोबेशनच्या नरकातून गेलेल्यालाच मिळतो, आणि धोनी मानद लेफ्टनंट कर्नल असला तरी तो टेरिटोरियल आर्मीच्या पॅरा बटालियनचा. माझा धोनीवर राग नाही, त्याचं प्रेम खरं आहे. पण आपल्याला वाटतं की आपण भारतीय आहोत म्हणजे प्रत्येक बिल्ला आपला, आणि मग कॅम्पातल्या दुकानातून शंभर-दीडशे रुपयांना बलिदान घेऊन बुलेटवर चिकटवतो, सोसायटीचा सिक्युरिटी गार्ड पण कॉम्बॅट कपड्यात उभा असतो. तोच माणूस मग व्हॉट्सॲपवर ठरवतो की चौथ्या डिव्हिजनने गरुड ठेवायचा की नाही. पहिला हक्क घालणाऱ्याचा, बघणाऱ्याचा नंतर, एवढं साधं आहे.

सैन्याने स्वतः केलेले बदल मला म्हणूनच कमी खटकतात. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांची वर्दी एकसारखी झाली, टोपीचा रंग, बेल्ट, कॉलरवरच्या पट्ट्या सगळं एक, रेजिमेंटची लॅनयार्ड, म्हणजे खांद्यावरची दोरी, गेली. मला हा बदल एपोलेट्सपेक्षा मोठा वाटतो आणि त्यावर पेपरात चार ओळी आल्या फक्त. कारण त्या हुद्द्यावर साहेबाने आपल्या रेजिमेंटचं बघायचं नाही, सगळ्यांचं बघायचं, ही त्यामागची कल्पना. ज्यांनी आडनाव उतरवलं त्यांनी स्वतः उतरवलं.

त्या भावाला शेवटी मी एवढंच लिहिलं की सुवर्णबाणाचं काय करायचं सांग. सातव्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह होतं, काळ्यावर सोनेरी बाण. फाळणीत ती डिव्हिजन पाकिस्तानकडे गेली, त्यांची गोल्डन अ‍ॅरो आजही आहे. आपण नंतर आपली सातवी डिव्हिजन उभी केली, फिरोजपूरला, आणि तिचं नाव पण गोल्डन अ‍ॅरो. एकच बाण दोन्ही फौजांत, इंग्रजांनी दिलेला. आपण काढायचा म्हणजे बाण त्यांना देऊन टाकायचा का?

त्याचं अजून उत्तर आलेलं नाही. अण्णांनी मात्र त्या मेसेजवर अंगठा टाकला, आणि खाली गुलाबाचं फूल.